संगणकावरून थेट प्रक्षेपण : आवाज लहान का पोचतो व तो कसा सुधारावा

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडापुढील हवेचा दाब क्षणोक्षणी किंचित वाढतो आणि किंचित घटतो. हा फरक किती सूक्ष्म असतो याची कल्पना सहसा कोणाला नसते. साध्या आवाजात बोलणाऱ्या मनुष्यापासून एक मीटर अंतरावर हा चढउतार वातावरणाच्या एकूण दाबाच्या सुमारे पन्नास लाखांव्या भागाइतकाच असतो. एवढ्या अल्प हालचालीतून शब्द, स्वर आणि बोलणाऱ्याची ओळखही कान सहज टिपून घेतो. यंत्राला मात्र हेच काम टप्प्याटप्प्याने करावे लागते व प्रत्येक टप्प्यावर आवाजाचा काही अंश हरविण्याचा संभव असतो.

संगणकाला मायक्रोफोन जोडून आपले गायन, व्याख्यान किंवा कीर्तन इंटरनेटवरून त्याच वेळी दूरच्या श्रोत्यांना ऐकविणे, यास थेट प्रक्षेपण म्हणतात. पूर्वी ज्या कामास स्वतंत्र इमारत, तंत्रज्ञ व मोठी यंत्रसामग्री लागत असे, ते काम आज घरातील एका टेबलावर होऊ शकते. अशा प्रक्षेपणाविषयी श्रोत्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. चित्र स्वच्छ दिसते, परंतु आवाज फार लहान येतो. यावर जो उपाय सर्वप्रथम सुचतो, तो म्हणजे हाताशी असलेली शेवटची कळ वाढविणे. तो बहुधा फसतो, कारण आवाजाबरोबर खरखरही वाढते. आवाज जेथे प्रथम कमी झाला, तेथेच तो भरून काढला पाहिजे. या पाठाचे सार एवढेच असून त्यामागील कारणे पुढे क्रमाने दिली आहेत.

इंदिरा नगरातील एक वर्ग

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. लखनौ शहरात गोमती नदीच्या पलीकडे इंदिरा नगर नावाची मोठी वस्ती आहे. २०१९ साली तेथवर मेट्रो रेल्वे पोचली. या वस्तीतील एका घरी हिंदुस्थानी गायनाचा वर्ग चालतो व तो संगणकावरून नागपूर, पुणे आणि सांगली येथील विद्यार्थीही ऐकतात, असे समजू.

लखनौ व महाराष्ट्र यांचा सांगीतिक संबंध जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज ही संगीतशाळा निघाली. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर यांनी अनेक वर्षे तिचे प्राचार्यपद सांभाळले. कैसरबाग भागातील ही संस्था आज भातखंडे यांच्याच नावाने विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. त्या काळी महाराष्ट्रातून तेथे शिकावयास जाणाऱ्यास घर सोडून आगगाडीने दीर्घ प्रवास करावा लागे. लखनौचे रेडिओ केंद्र १९३८ साली सुरू झाले, तेव्हा निदान गायन ऐकण्यापुरते अंतर मिटले. परंतु रेडिओ ऐकणाऱ्यास गुरूला प्रश्न विचारता येत नसे. थेट प्रक्षेपणाने ही उणीवही पुष्कळ अंशी दूर झाली आहे.

तथापि रेडिओ केंद्रात गाणाऱ्याखेरीज एक तंत्रज्ञ स्वतंत्र खोलीत बसून काट्याकडे लक्ष ठेवी व आवाजाची पातळी सांभाळी. इंदिरा नगरातील घरी गाणे शिकविणे व पातळी सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येतात. आवाज लहान पोचला तर विद्यार्थ्याला बंदिशीचे शब्द कसेबसे कळतात, पण मींड कोणत्या स्वरावरून निघाली व कोठे स्थिरावली हे कळत नाही. जो ऐकू आला नाही तो स्वर शिकताही येत नाही. म्हणून ही केवळ सोयीची बाब नव्हे.

डेसिबेल हे माप

आवाजाच्या पातळीचे माप डेसिबेल हे होय. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ते पडले. हे माप गुणोत्तराचे आहे. दाब दुप्पट झाला म्हणजे पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. चौपट झाला म्हणजे १२ डेसिबेलने, आणि दहापट झाला म्हणजे २० डेसिबेलने. कानाला मात्र आवाज दुप्पट मोठा भासण्यास सुमारे १० डेसिबेलची वाढ लागते.

संगणकात हे माप उलट बाजूने मोजतात. यंत्राला मांडता येईल अशी सर्वांत मोठी पातळी म्हणजे शून्य, आणि त्याखालील सर्व पातळ्या उणे चिन्हाने दर्शविल्या जातात. उणे १० डेसिबेल ही पातळी उणे ४० डेसिबेलपेक्षा मोठी होय. शून्यापलीकडे जागा नसते; आवाज तेथे पोचला म्हणजे तरंगांचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो व तो दोष मागाहून पुरता दुरुस्त होत नाही.

पहिला टप्पा : तोंड आणि मायक्रोफोन

मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. त्याचे अनेक प्रकार आहेत. डायनॅमिक प्रकारात चुंबकाजवळ तारेचे एक लहान वेटोळे हालते व त्यात वीज उत्पन्न होते. कंडेन्सर प्रकारात एक पातळ पडदा एका स्थिर पत्र्यासमोर कंप पावतो. त्याला बाहेरून, बहुधा ४८ व्होल्टांचा, विद्युत्पुरवठा द्यावा लागतो. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. त्यात विद्युत्भार पदार्थातच कायमचा साठविलेला असल्याने हा प्रकार लहान व स्वस्त झाला. गळपट्टीला लावण्याचे माइक व हेडसेट यांत तो सर्रास आढळतो.

सामान्य डायनॅमिक मायक्रोफोनपुढे एक मीटरवरून साधे बोलल्यास जी वीज निर्माण होते, ती एका व्होल्टाच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतकी असते. आवाज लहान असण्याचे मूळ बहुधा येथेच सापडते. उघड्या जागेत अंतर निम्मे केले की मायक्रोफोनवरील दाब दुप्पट होतो. म्हणून ६० सेंटिमीटरवर असलेला मायक्रोफोन १५ सेंटिमीटरवर आणला, तर १२ डेसिबेलची वाढ काहीही खर्च न करता मिळते. शिवाय पंखा, कूलर व रस्ता यांचा आवाज होता तेवढाच राहतो. मे-जून महिन्यांत लखनौस लू वाहते व घरोघरी कूलर चालू असतात. अशा वेळी हा लाभ विशेष मोलाचा ठरतो. विवर्धकाची कळ फिरविल्याने तो कधीच मिळत नाही, कारण विवर्धक गाणे आणि कूलर दोहोंना सारखेच वाढवितो.

मायक्रोफोनची दिशाही पाहावी. पुष्कळ मायक्रोफोन समोरचा आवाज घेतात व पाठीमागचा टाळतात. काहींचे तोंड टोकाला असते, तर काहींचे बाजूला असते. बाजूने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या टोकाशी गायल्यास आवाज दबका व लहान येतो.

दुसरा टप्पा : तार आणि विवर्धक

मायक्रोफोनपासून निघालेला क्षीण विद्युत्-संकेत संगणकाने वापरण्याजोगा होण्यासाठी वाढवावा लागतो. हे काम करणाऱ्या भागास विवर्धक म्हणतात. तो ऑडिओ इंटरफेस नावाच्या पेटीत, मिक्सरमध्ये किंवा संगणकाच्या साउंड कार्डातच असतो. पेटीवर ‘गेन’ असे लिहिलेला नॉब असतो. मायक्रोफोन योग्य जागी ठेवल्यानंतर पातळी ठरविण्याचे मुख्य स्थान हेच होय.

येथे तीन चुका नेहमी आढळतात. पहिली, कंडेन्सर मायक्रोफोनचा ४८ व्होल्टांचा पुरवठा चालू करावयाचा राहतो. दुसरी, मायक्रोफोनची तार ‘लाइन’ नावाच्या खाचेत बसविली जाते; ही खाच मिक्सर किंवा वाजविणाऱ्या यंत्रांच्या मोठ्या संकेतासाठी असल्याने मायक्रोफोनचा आवाज तीत जेमतेम ऐकू येतो. तिसरी, फोनसाठी बनविलेला माइक जुन्या मेजावरच्या संगणकात लावला जातो. फोनच्या पिनेवर बहुधा तीन काळे पट्टे असतात, कारण तीच पिन कानातील आवाज व माइक दोन्ही वाहते. संगणकात या दोहोंसाठी निरनिराळ्या खाचा असतील, तर मधे दोन फाटे फोडणारी जोडतार वापरावी लागते.

तिसरा टप्पा : आवाजाचे अंक

संगणक वीज साठवीत नाही, अंक साठवितो. दर सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा विद्युत्-संकेताची उंची मोजून ती अंकाने लिहिली जाते. १६ बिटांच्या पद्धतीत या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या असतात. प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबेलचा असल्याने, ज्या आवाजाचे सर्वोच्च टोकही उणे ४८ डेसिबेलपाशीच राहते, तो वरचे ८ बिट वापरीतच नाही. त्याच्या वाट्याला अवघ्या २५६ पायऱ्या येतात. असा आवाज मागाहून कितीही वाढविला तरी त्याचा खडबडीतपणा जात नाही.

नव्या इंटरफेसांत २४ बिटांची पद्धत असल्याने पायऱ्यांची ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. परंतु विवर्धकाची स्वतःची मंद खरखर असतेच. आधी क्षीण ठेवलेला आवाज पुढे फुगविला की ती खरखरही फुगते. म्हणून बिट कितीही वाढले तरी पूर्वीचा नियम बदलत नाही.

चौथा टप्पा : संगणकातील निवड

येथवर सर्व ठीक असूनही आवाज लहान येत असेल, तर संगणक कोणता मायक्रोफोन ऐकत आहे ते पाहावे. लॅपटॉपमध्ये एक मायक्रोफोन अंगचाच असतो. बाहेरचा चांगला मायक्रोफोन जोडल्यावरही संगणक कित्येकदा अंगचाच वापरीत राहतो. याची परीक्षा सोपी आहे. बाहेरच्या मायक्रोफोनला नखाने हलकेच खरवडावे. पडद्यावरील पातळीची पट्टी उडी मारीत नसेल, तर निवड चुकली आहे असे समजावे.

त्यानंतर संगणकाच्या ध्वनी-सेटिंगमधील इनपुटची पातळी पाहावी. विंडोज पद्धतीच्या काही संगणकांत ‘मायक्रोफोन बूस्ट’ नावाची आणखी एक कळ मिळते. ती १०, २० किंवा ३० डेसिबेलने वाढ करते. पण खरखरही तितकीच वाढविते, म्हणून ती शेवटचा आधार समजावी. विंडोजमध्ये दुसरीही एक योजना आहे. संगणकावर संभाषण सुरू झाले की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, असे तीत ठरविता येते. ज्या वर्गात तंबोऱ्याचे सूर संगणकावरूनच वाजविले जातात, तेथे ते अचानक मंदावतात. त्याचे कारण कित्येकदा हेच असते.

शेवटी प्रक्षेपणाचा कार्यक्रम उघडावा. अशा कामासाठी ओबीएस स्टुडिओ हा मोफत कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. त्याच्या मिक्सरमधील पट्टीवर उणे २० डेसिबेलपर्यंत हिरवा, तेथून उणे ९ पर्यंत पिवळा व त्यावर तांबडा रंग असतो. बोलताना पट्टी पिवळ्या भागात खेळावी व तांबड्यात क्वचितच जावी, अशी पातळी ठेवावी. पट्टी सदैव हिरव्यातच राहिली तर श्रोत्याला आवाज लहान वाटेल.

तंबोरा आणि गोंगाट

सभा-संभाषणाच्या कार्यक्रमांत गोंगाट काढून टाकण्याची योजना बहुधा आपोआप चालू असते. शब्द सतत बदलतात आणि पंख्याची घरघर एकसारखी चालते, हा फरक धरून ती काम करते. जे एकसारखे चालते ते गोंगाट समजून दाबले जाते. व्याख्यानासाठी हे सोयीचे असले, तरी गायनासाठी घातक ठरते. तंबोरा हाही एकसारखा चालणारा नादच आहे. गायकाने लांबविलेला षड्जही काही क्षणांनी तसाच भासतो. यंत्राला कूलर व तंबोरा यांतील भेद कळत नाही. त्यामुळे तंबोरा नाहीसा होतो व लांब स्वर विरत जातात. आवाज ‘मधूनच लहान होतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

याच कार्यक्रमांत मायक्रोफोनची पातळी आपोआप ठरविण्याचीही योजना असते. ती मोठी तान आली की पातळी खाली ओढते आणि शांतता झाली की वर नेते. संगीताच्या वर्गात या दोन्ही योजना बंद कराव्यात. झूम या कार्यक्रमात त्यासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची वेगळी निवड दिलेली आहे. अर्थात मग कूलरही ऐकू जाणार. म्हणून तो बंद करणे किंवा मायक्रोफोन जवळ घेणे हाच खरा उपाय उरतो.

शिखरे आणि सरासरी

कधीकधी पट्टी तांबड्यापर्यंत पोचते, तरीही श्रोता आवाज लहान असल्याचे सांगतो. हा विरोधाभास वाटला तरी तसा नाही. पट्टी क्षणिक शिखरे दाखविते, आणि कान सरासरी मोजतो. तबल्याच्या थापेचे शिखर उंच असते, पण ते क्षणार्धात ओसरते. त्या शिखराने सगळी जागा व्यापली की गायनाला खालीच राहावे लागते.

यासाठी कॉम्प्रेसर नावाची योजना वापरतात. समजा तिची मर्यादा उणे २० डेसिबेल व प्रमाण तीनास एक असे ठरविले. उणे ५ डेसिबेलची थाप मर्यादेच्या १५ डेसिबेल वर आहे. त्या १५ चे ५ होतात व थाप उणे १५ वर येते. आता वर मोकळी जागा झाली. तेव्हा सर्वच आवाज ९ डेसिबेलने वाढविला तर थाप उणे ६ वर राहते आणि गायन ९ डेसिबेलने उचलले जाते. याचा अतिरेक मात्र टाळावा, कारण ख्यालातील लहानमोठेपणा हाही गायनाचाच भाग आहे.

श्रोत्याकडील टोक

अखेरीस एक चमत्कारिक दोष सांगितला पाहिजे. कानाला हेडफोन लावून ऐकणाऱ्यास आवाज मोठा येतो, आणि फोनवर ऐकणाऱ्यास जवळजवळ येतच नाही. व्यावसायिक मिक्सरच्या काही तारांत एकच आवाज दोन वाहकांवरून जातो; एकावर मूळ रूपात व दुसऱ्यावर नेमका उलटा. तारेत शिरणारी खरखर काढून टाकण्यासाठी ही युक्ती आहे. परंतु अशी तार संगणकाच्या स्टीरिओ खाचेत लावली, तर मूळ आवाज डाव्या बाजूस व उलटा आवाज उजव्या बाजूस जातो. एकच स्पीकर असलेला फोन दोन्हींची बेरीज करतो. ती जवळपास शून्य येते. येथे कोणतीही कळ वाढवून उपयोग नाही. तारच बदलली पाहिजे.

एकाच कानात आवाज येणे हा याहून साधा दोष होय. मायक्रोफोन एकाच बाजूवर नोंदला गेलेला असतो. ओबीएस स्टुडिओमधील ‘मोनो’ ही खूण केल्याने तो दोन्ही बाजूंस जातो; त्यानंतर पातळी थोडी वाढवावी लागते.

तपासणीचा क्रम

आवाज लहान असल्याची तक्रार आली, तर पुढील क्रमाने तपासावे.

१. श्रोत्याने दुसरे एखादे प्रक्षेपण ऐकून पाहावे; तेही लहान येत असेल तर दोष त्याच्या यंत्रात आहे.
२. मायक्रोफोन तोंडापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर व योग्य दिशेने ठेवावा.
३. तार, खाच व विद्युत्पुरवठा पाहावा.
४. संगणकाने योग्य मायक्रोफोन निवडला आहे की नाही, हे नखाने खरवडून पाहावे.
५. सर्वांत मोठ्या आवाजात गाऊन गेनचा नॉब असा ठेवावा, की पट्टी शून्यास पोचणार नाही.
६. गोंगाट काढणाऱ्या व पातळी आपोआप बदलणाऱ्या योजना बंद कराव्यात.
७. त्यानंतरच कॉम्प्रेसर वापरावा.
८. हेडफोन व फोन या दोन्हींवर प्रक्षेपण ऐकून खात्री करावी. फोन मायक्रोफोनपासून दूर, दुसऱ्या खोलीत न्यावा. एरवी त्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो.

करून पाहण्याजोगे प्रयोग

पहिला प्रयोग. शाळेतील संगणकाला मायक्रोफोन जोडावा. मोजपट्टीने ६०, ३० व १५ सेंटिमीटर अंतरे आखून प्रत्येक ठिकाणाहून एकच वाक्य सारख्या आवाजात म्हणावे व पट्टीवरील आकडे लिहून घ्यावेत. दर वेळी वाढ ६ डेसिबेलच्या जवळपास येते काय, हे पाहावे. खोलीच्या भिंतींवरून आवाज परत येत असल्याने ती थोडी कमी भरेल.

दुसरा प्रयोग. एक वाक्य योग्य पातळीवर व तेच वाक्य गेन अगदी कमी करून ध्वनिमुद्रित करावे. मग दुसरे मुद्रण संगणकात पहिल्याइतके वाढवावे. शब्दांच्या मधल्या शांततेकडे कान द्यावा. दुसऱ्या मुद्रणात तेथे जी खरखर ऐकू येईल, ती उशिरा केलेल्या उपायाची किंमत होय.